गाडगेबाबा आणि कष्टकऱ्याच्या घरातले सुख

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही चार ओळी लिहा, असे कमिटीने सांगितले. आम्ही जालन्याच्या सळईच्या मिलमध्ये भट्टीसमोर काम करणारे कामगार. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन. त्यामुळे लिहिण्यात चूकभूल झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विषय गाडगेबाबांचा घेतला. त्यावर काही जण म्हणाले की, बाबा तर कीर्तन करायचे, त्यांच्या तोंडी देवाचे नाव असायचे, बौद्ध विहाराच्या स्मरणिकेत ते कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण संसारात सुख कशाने येते आणि कशाने जाते, हे आम्हाला या माणसाच्या जीवनातून कळले. तेही उशिरा, ठेच लागल्यावर कळले.

गाडगेबाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट समाजात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. घर गेले, शेत गेले आणि शेवटी जीवही गेला. देबूजी तेव्हा आठ वर्षांचे होते. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे मामांची गुरे राखत, शेतात राबत देबूजी मोठे झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही.

मामाची शेती बऱ्यापैकी होती. पण सावकाराचे कर्ज झाले. अक्षर येत नव्हते, सावकार सांगेल तिथे अंगठा उठवला. एक दिवस शेतच सावकाराचे झाले आणि त्या धक्क्याने मामा गेला. सावकाराची माणसे ताबा घ्यायला आली तेव्हा देबूजी औत सोडून हलले नाहीत. त्यांनी त्या माणसांना शेतातून हुसकावून लावले. दारूने बाप गेला आणि कर्जाने मामा गेला, या दोन गोष्टी ते पुढे जन्मभर विसरले नाहीत.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे होते. देबूजींनी साफ नकार दिला आणि लाडवाचे गोड जेवण घातले. जातवाले रागावले. देबूजी म्हणाले की, ज्या दारूने माझे घर बुडाले ती मी लेकीच्या बारशाला वाढणार नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडले. तेव्हा त्यांचे एकोणतिसावे वर्ष सरत होते. सिद्धार्थ गौतमांनीही एकोणतिसाव्या वर्षीच गृहत्याग केला, हे वाचकांना ठाऊक आहेच. घरात आई, बायको, लेकरे होती. त्यांच्यावर काय बीतली असेल, हेही विसरून चालणार नाही. बाबांच्या नावाचा जयजयकार करताना कुंताबाईंनी काढलेले कष्ट कोणी मोजत नाही. आपण संसारी माणसे आहोत. घर सोडून जाणे आपले काम नव्हे. घरात राहून घर नीट करणे हेच आपले काम.

अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि गाडगे. तेच गाडगे जेवायला, तेच पाणी प्यायला. त्यावरून नाव पडले गाडगेबाबा. जुन्या काळी भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या शिवून चीवर करत, त्याची आठवण येते. गावात गेले की ते आधी गाव झाडत, मगच भाकर मागत. रात्री कीर्तन. त्या कीर्तनात पोथीपुराण थोडे आणि सवाल जास्त. देवाला बोकड कापू नका, शिवाशिव पाळू नका, दारू पिऊ नका, कर्ज काढून लग्न करू नका, लेकरांना शाळेत घाला. पैसा नसेल तर भांडी विका, भाकर हातावर घेऊन खा, बायकोला कमी भावाचे लुगडे घ्या, पण शिक्षण सोडू नका, असे ते सांगत.

हा मजकूर आम्ही घरी वाचून दाखवला तेव्हा आमची मंडळी हसली आणि म्हणाली, दरवेळी आधी बायकोचंच लुगडं का स्वस्त व्हावं? नवऱ्याची बाटली आधी बंद करा की. आम्हाला बोलायला जागा राहिली नाही. कारण ती वेळ आमच्या घरावर येऊन गेली होती.

बहिणीच्या लग्नाला आम्ही एका खाजगी सावकाराकडून पैसे काढले. बँड, मंडप, पंगत, सगळे केले. लोक आठ दिवस नाव काढत होते. व्याज मात्र आठ वर्षे फिटले नाही. पगार हातात यायच्या आधी देणेकरी दारात उभा. त्या चिंतेने पाळी सुटली की गुत्त्याकडे पाय वळू लागले. भट्टीच्या उष्म्याने थकवा येतो, थोडी घ्यावी लागते, असे आम्हीच आम्हाला समजावत होतो. थोरल्याची शाळा त्याच काळात सुटली. आज तो हमाली करतो. त्याला पाहिले की अजून पोटात कालवते. जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही सर्वांच्या पुढे आणि घरात सर्वांच्या मागे, अशी ती गत होती.

त्या दिवसांत विहारातून बाबांचे चरित्र घरी आणले. त्यात ऋणमोचनचे नाव वाचले. पूर्णा नदीकाठचे हे गाव अमरावती जिल्ह्यात आहे. लोकांचे हाल पाहून बाबांनी तिथे घाट बांधायला घेतला, त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक. गावाच्या नावाचा अर्थ कर्जातून सुटका. नदीत बुडी मारून कर्ज फिटत नाही, हे बाबांना मामाच्या शेतावरच कळले होते. आम्हाला ते चाळिशी ओलांडल्यावर कळले. दारू सोडली. दोन वेळा घसरलो, तिसऱ्यांदा मात्र सुटली. देणे फिटायला आणखी सहा वर्षे गेली. शेवटचा हप्ता दिला त्या रात्री आम्हाला जी झोप लागली, तशी झोप लहानपणीही लागली नसेल.

बाबांकडे लाखोंच्या देणग्या आल्या. त्यातून त्यांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य वारकऱ्यांना तिथे कोणी निवारा देत नव्हते. नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईला दवाखान्यात येणाऱ्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. स्वतःसाठी मात्र त्यांनी काही ठेवले नाही. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली तेव्हा ते कीर्तनात उभे होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. आमच्यासारख्याला हे झेपणारे नाही. पण आपल्या दुःखात असतानाही लोकांची आठवण ठेवणारा माणूस होऊन गेला, एवढे कळले तरी आधार वाटतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांना एकमेकांबद्दल फार आदर होता. पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. अंगठेबहाद्दर माणसाने आपल्या कष्टाची कमाई शिक्षणाला दिली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनी देह ठेवला.

आता तथागतांचे सांगणे पाहा. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. घामाने मिळवलेले जवळ असणे हे अत्थिसुख. ते स्वतः उपभोगणे आणि त्यातून दानही करणे हे भोगसुख. कोणाचे देणे नसणे हे अनणसुख. आणि आपल्या हातून वाईट न घडणे हे अनवज्जसुख. गाडगेबाबांनी ही नावे कधी घेतली नसतील, पण त्यांच्या कीर्तनात हीच शिकवण होती. म्हणून त्यांचा लेख आपल्या स्मरणिकेत शोभतो.

दान ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. आपल्या जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख दोन हजार वर्षांपासून सांचीच्या स्तूपावर कोरलेले आहेत. ज्याच्या डोक्यावर व्याज आहे त्याच्या हातून दान कसे घडेल?

संतोष म्हणजे मिळेल त्यात गप्प बसणे नव्हे. बाबा गप्प बसले नाहीत, सावकारापुढे उभे राहिले. पगारवाढ मागावी, हक्कासाठी भांडावे. पण मिळालेला पैसा मंडपात आणि बाटलीत घालू नये. धाकट्या लेकीचे मंगल कार्य आम्ही विहारातच लावले, साध्या वरण-भातावर. काही सोयरे नाराज झाले. लेक मात्र पुढे शिकली आणि आज नोकरी करते.

वर्धापन दिनाला विहारात येताना प्रत्येक घराने ही चार सुखे आपल्या घरात किती आहेत, ते एकदा बोटावर मोजून पाहावे. कमी पडले तर लाजू नये. आमच्या घरातही कमीच होती.

जय भीम! नमो बुद्धाय!