तर्कनिष्ठाच्या हाती कविता

व्यक्तिस्वातंत्र्याचे भाष्यकार म्हणून जॉन स्टुअर्ट मिल यांचे नाव महाराष्ट्राला आगरकरांच्या काळापासून परिचित आहे. तर्कशास्त्र, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रावर अधिकाराने लिहिणाऱ्या या तत्त्वज्ञाला ऐन तारुण्यात सावरले ते मात्र एका कवीने.

मिल यांचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जेम्स मिल हे उपयुक्ततावादाचे प्रवर्तक जेरेमी बेंथम यांचे निकटचे सहकारी. मुलाला शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र आणि तेराव्या वर्षी अर्थशास्त्र असा तो क्रम होता. होमरचे काव्य मुलाने आवडीने वाचले होते. पण तो ज्या मंडळींत वाढला, त्यांच्या लेखी विश्लेषण हेच सर्वस्व होते, भावनांची जोपासना हा विषयच नव्हता. १८२३ मध्ये, सतराव्या वर्षी, मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत रुजू झाले. नोकरी सांभाळून समाजसुधारणेसाठी लेखन आणि वादविवाद सुरू होते.

१८२६ च्या शरद ऋतूत हे सारे एकाएकी निरर्थक वाटू लागले. आपण ज्या सुधारणांसाठी झटतो त्या सगळ्या याच क्षणी प्रत्यक्षात आल्या तर आपण सुखी होऊ काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि मनाने स्पष्ट नकार दिला. कामे यंत्रवत होत राहिली. वडिलांपाशी मन मोकळे करणे शक्य नव्हते. पुढे मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, पित्याच्या मृत्यूनंतर घराचा आधार होण्याचा निश्चय करणारा मुलगा भेटला आणि मिल यांचे डोळे भरून आले. आपले मन अगदीच कोरडे झालेले नाही, एवढा दिलासा मिळाला.

मग बायरन वाचून झाला. पण त्याच्या नायकांचे औदासीन्य त्यांच्या स्वतःच्याच उदासीसारखे होते. १८२८ च्या शरद ऋतूत त्यांनी केवळ कुतूहलापोटी वर्ड्‌स्वर्थ यांच्या कविता हाती घेतल्या. डोंगरदऱ्यांची ओढ त्यांना होतीच. या कवितांत त्यांना त्याहून अधिक काही गवसले: कोणत्याही संघर्षावर अवलंबून नसलेला, सर्व माणसांना वाटून घेता येईल असा शांत आनंद. जगातील मोठी दुःखे दूर झाल्यावर मागे काय उरेल, या छळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे होते.

वर्ड्‌स्वर्थ तोवर राजकारणात सनातनी पक्षाकडे झुकलेले होते, तर मिल कट्टर सुधारक. तरीही १८२९ मध्ये एका वादसभेत त्यांनी या कवीची बाजू मांडली. बायरनचा कैवार घेणाऱ्या रोबक या मित्राशी त्यांचे अंतर वाढू लागले ते तेथूनच.

मिल यांनी तर्काची कास सोडली नाही. १८४३ मध्ये त्यांचा तर्कशास्त्रावरील मोठा ग्रंथ आला. पण १८३८ च्या निबंधात त्यांनी बेंथम यांच्या ठायी असलेली कल्पनाशक्तीची उणीव दाखवून दिली आणि पुढे उपयुक्ततावाद मांडताना सुखाच्या प्रमाणाबरोबर त्याच्या दर्जाचाही विचार केला. ७ मे १८७३ रोजी फ्रान्समधील आविन्यों येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या ऋणाची नोंद त्यांनी निःसंकोचपणे करून ठेवली आहे.