जयंतीच्या आदल्या रात्रीच केशवराव भोसलेंचं थिएटर जळालं, पण मुळात केशवराव होते कोण?

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. कोल्हापुरातल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि बघता बघता छप्पर, रंगमंच, खुर्च्या सगळं गेलं. रस्त्यावर उभे असलेले कलाकार ढसाढसा रडत होते. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती.

तेव्हा बातम्या सगळ्यांनी पाहिल्या. पण ज्याचं नाव त्या वास्तूवर आहे, तो माणूस आजच्या पिढीला फारसा माहीत नाही.

केशवरावांचा जन्म १८९० चा, कोल्हापुरातलाच. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. वडील लवकर गेले आणि पोरं आईच्या पदरात पडली. त्या काळी गोड गळ्याच्या गरीब पोराला पोट भरण्याची एक वाट असायची, ती म्हणजे नाटक कंपनी. शाळेत जायच्या वयात केशव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला.

तेव्हा स्टेजवर बायका नसायच्या. बायकांची कामं पुरुष आणि पोरंच करायची. देवलांच्या 'संगीत शारदा'मध्ये म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या शारदेचं काम केशवकडे आलं आणि या पोराचं नाव गावोगाव झालं. चढा, धारदार आवाज आणि विजेसारखी तान. त्या काळात माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं तर गळ्यातच दम लागायचा, आणि तो केशवकडे होता.

पण कंपनीच्या जिवावर नाव झालेला नट बहुतेक वेळा कंपनीतच अडकतो. केशवराव अडकले नाहीत. १९०८ साली त्यांनी हुबळीत स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी उभी केली. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सतरा! आज या वयात पोरं बारावीचा अभ्यास करत असतात.

इथून पुढची तेरा वर्षं म्हणजे त्यांचं खरं आयुष्य. रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या गवयाकडे त्यांनी तालीम घेतली. वीर वामनराव जोशींच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'मधली त्यांची मृणालिनी गाजली. पुढे स्त्रीभूमिकेतून ते पुरुष भूमिकेत आले आणि 'मानापमान'चा धैर्यधर झाले. पुराणातल्या गोष्टींवर कंपनी आरामात चालली असती. पण त्यांनी मामा वरेरकरांना हाताशी धरलं. 'हाच मुलाचा बाप'मध्ये हुंडा होता, 'संन्याशाचा संसार'मध्ये धर्मांतराचा प्रश्न. सामाजिक नाटकावर पैसा लावणं हा तेव्हाही जुगारच होता.

इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांचं काम चालू होतं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोममधलं प्राचीन कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान आपल्याकडे असावं हे त्यांच्या मनाने घेतलं. राजघराण्याच्या खासबागेच्या जागेत कुस्तीचं मैदान झालं, आणि त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात 'पॅलेस थिएटर' उभं राहिलं. एका बाजूला पैलवान, दुसऱ्या बाजूला गवई, मध्ये फक्त भिंत. हे कोल्हापुरातच जमू शकतं. अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय देणारा हा राजा होता, त्यामुळे गाण्या-नाटकासाठी पक्की दगडी वास्तू बांधणं हा त्याच्यासाठी निव्वळ शौक नव्हता.

केशवरावांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र मात्र मुंबईत आली. टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा करायचा होता. त्या काळी नाटकवेड्यांचे सरळ दोन तट पडलेले, एक बालगंधर्वांचा आणि एक केशवरावांचा. ८ जुलै १९२१ ला दोघे एकाच स्टेजवर उभे राहिले. संयुक्त 'मानापमान'! बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला, तोही १९२१ मधला शंभर रुपया. कोण जिंकलं यावर पुढे कित्येक वर्षं वाद घातला गेला. खरंतर त्या दोघांनी तो प्रयोग स्पर्धा म्हणून केलाच नव्हता.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. विषमज्वराने ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय ३१. ललितकलादर्श मात्र बंद पडली नाही. आधी बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर भालचंद्र पेंढारकरांनी ती पुढे नेली.

स्वातंत्र्यानंतर पॅलेस थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं. राजाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतीवर एका गरीब घरातल्या नटाचं नाव लागलं, हे शाहू महाराजांच्या गावाला शोभणारंच.

आगीनंतर राज्य सरकारने निधी जाहीर केला आणि महापालिकेकडून पुनर्बांधणीचं काम सुरू झालं. कोल्हापूरकरांचं मागणं एकच होतं, थिएटर जसं होतं तसंच पाहिजे. चकाचक नवं सभागृह बांधणं तुलनेने सोपं असतं. उरलेल्या दगडी भिंती वाचवायच्या, जुन्या रूपाला धक्का लावायचा नाही, आणि आत आजचा आवाज, आजची प्रकाशयोजना आणि आजची अग्निसुरक्षा बसवायची, हे अवघड. शिवाय त्या वास्तूत नटाचा नुसता गळा मागच्या रांगेपर्यंत पोहोचायचा. नव्या छपराखाली तो तसाच पोहोचतो का, हे पहिला गायक नट माईक बाजूला ठेवून गाईल तेव्हाच कळेल.