नावे विचारणारा वैद्य
(द्वितीय वर्ष, कला)

पहिला पाऊस पडून आठवडा झाला, की नागापूरच्या मोकळ्या जागांत, बागेच्या वाफ्यांत, कुंपणाच्या कडेला न लावलेली रोपे आपोआप उगवतात. आघाडा, केना, टाकळा, घोळ ही आपण ओळखतो. उरलेल्यांना सरसकट ‘गवत’ म्हणतो आणि उपटून टाकतो. ज्याचे नाव ठाऊक नाही ते निरुपयोगी, अशी आपली समजूत! साडेचारशे वर्षांपूर्वी एका परदेशी वैद्याने नेमके याच्या उलट केले. दिसेल त्या झाडाचे नाव विचारण्यात त्याने आयुष्याची तीस वर्षे घालवली. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. गोव्याच्या इतिहासात तो प्रसिद्ध आहे. पण आपल्या नगरशीही त्याचा जवळचा संबंध होता, हे फार थोड्यांना माहीत असेल.

ऑर्ताचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनने यहुद्यांना देशाबाहेर घालवले, तेव्हा ती मंडळी पोर्तुगालमध्ये आली. पण तेथेही १४९७ साली सक्तीने धर्मांतर झाले. म्हणजे ऑर्ता जन्मला तो ‘नवा ख्रिस्ती’ म्हणून. आणि नव्या ख्रिस्त्यांवर सदैव संशयाची नजर! स्पेनमधील साल्मान्का आणि अल्काला येथे त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. १५३४ साली मार्तीम आफोन्सो द सौझा याच्या आरमाराबरोबर तो गोव्याला आला आणि पुन्हा मायदेशी परतलाच नाही.

त्या काळी युरोपातील वैद्य ग्रीक आणि अरबी ग्रंथांवर विसंबून औषधे देत. औषध हिंदुस्थानातून जाई; झाड मात्र कोणी पाहिलेले नसे. ऑर्ताने गोव्यात घराभोवती बाग केली. १५५० च्या आगेमागे मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजाकडून खंडाने मिळाले, तेथेही त्याने झाडे लावली. वर्षातून दोनदा फळणारा एक आंबा त्या बेटावर असल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे.

नगरचा बुऱ्हाण निजामशहा हा त्याचा स्नेही. ऑर्ता त्याच्यावर उपचार करण्यासाठी येथे येत असे. दरबारातील हकिमांशी त्याच्या चर्चा होत. रोगांची आणि औषधांची अरबी नावे शहाने त्याला शिकवावीत आणि त्याने शहाला लॅटिन नावे सांगावीत, असा हा स्नेह होता. राजा आणि वैद्य एकमेकांचे विद्यार्थी झालेले पाहून कोणाला कौतुक वाटणार नाही?

या साऱ्या परिश्रमाचे फळ म्हणजे १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा ‘कोलोकिओस’ हा ग्रंथ. तो लॅटिनमध्ये नसून पोर्तुगीजमध्ये आहे आणि संवादरूपाने लिहिलेला आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक पंडित जुन्या ग्रंथांतील शंका काढतो आणि ऑर्ता उत्तरे देतो. ग्रंथात चित्रे नाहीत. झाड ओळखायचे ते पान, फूल, वास, चव आणि निरनिराळ्या भाषांतील नावे यांवरून. स्वतः पाहिलेले कोणते आणि नुसते ऐकलेले कोणते, हेही तो वेगळे सांगतो. पारिजातकाची फुले रात्री उमलतात आणि सकाळी गळतात, त्यांच्या केशरी देठांनी अन्नाला रंग देतात, हे त्याने लिहिले. शिवाय सूर्यावर प्रेम करून जळून गेलेल्या राजकन्येची कथाही लिहिली. पटकीच्या रोगाचे वर्णन करताना त्याने आपला ‘मोडशी’ हा शब्दच ‘मोर्देशी’ या रूपाने पोर्तुगीजमध्ये वापरला आहे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढेच. ग्रंथात आंतोनिया नावाची मोलकरीण आहे. धनी सांगेल ते फळ, ती पाला ती आणून देते. मलुपा नावाचा हिंदू वैद्यही आहे, आणि ऑर्ता त्याला निःसंकोचपणे विचारतो. विद्यापीठात शिकवलेल्या माणसाला असे विचारण्यात कमीपणा वाटला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. पण बांधावरची कोणती भाजी कोणत्या पंधरवड्यात कोवळी असते, कोणता पाला जनावराला बाधतो, हे ती वास घेऊन सांगते. हे ज्ञान कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही. आपण पदवीधर होऊ तेव्हा ते विचारायला कोण उरेल, आणि सांगायला तरी कोण उरेल?

ऑर्ताच्या आयुष्याचा शेवट मात्र विदारक आहे. प्रत्येक रोपाला त्याचे खरे नाव विचारणाऱ्या या माणसाला आपली स्वतःची ओळख उघड सांगण्याची सोय नव्हती. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय स्थापन झाले. ऑर्ता १५६८ साली वारला. पण पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपी यहुदी ठरवून जिवंत जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

पण ग्रंथ जळला नाही. कार्लुस क्लुसिउस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती त्याची एक प्रत आली होती. त्याने केलेला लॅटिन संक्षेप १५६७ साली, म्हणजे ऑर्ताच्या हयातीतच, अँटवर्पला छापला गेला आणि युरोपभर वाचला गेला. आंतोनियाने परसातून आणलेला पाला अशा रीतीने पंडितांच्या मेजावर पोहोचला. आज पणजीत ऑर्ताच्या नावाची बाग आहे. ज्याला थडगेसुद्धा उरू दिले नाही, त्याचे नाव अखेर झाडांनीच सांभाळले!