न्यायाधीश सर मॅथ्यू हेल

कचेरीची पायरी जो एकदा चढला आहे, त्याला तेथे हसण्याजोगे काही असेल असे सहसा वाटत नाही. तथापि सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एक न्यायाधीश होऊन गेले. त्यांच्या न्यायासनासमोरील गोष्टी ऐकताना हसू येते, आणि हसता हसता स्वतःचे मन चाचपून पाहावेसे वाटते. त्यांचे नाव सर मॅथ्यू हेल.

त्यांचा जन्म १६०९ साली ग्लॉस्टरशायर प्रांतातील आल्डर्ली गावी झाला. त्यांचे वडील वकील होते. परंतु वकिलीत सत्याला रंग चढवावा लागतो आणि तो लबाडीचाच प्रकार होय असे वाटून त्यांनी तो धंदा सोडून दिला. मॅथ्यू पाच वर्षांचे होण्यापूर्वीच आईबाप दोघेही वारले. पुढे लंडन येथे कायद्याचा अभ्यास करीत असता ते फार कष्ट घेत, पण अंगावरच्या कपड्यांकडे मुळीच पाहत नसत. एकदा सरकारी माणसे राजाच्या नोकरीसाठी धट्टेकट्टे लोक धरून नेत होती. त्यांनी ह्या मळक्या कपड्यांतील तरुणासही धरले! ओळखीच्या माणसांनी हा कोण हे सांगितले, तेव्हा कोठे सुटका झाली. त्या दिवसापासून ते बरे कपडे घालू लागले.

त्याच काळात एक गंभीर प्रसंग घडला. काही मित्रांबरोबर ते मेजवानीस गेले असता त्यांतील एक जण अतिशय दारू पिऊन मेल्यासारखा खाली पडला. हेल शेजारच्या खोलीत गेले, दार लावून गुडघे टेकले, आणि मित्राच्या प्राणासाठी व स्वतःच्या क्षमेसाठी त्यांनी देवाची विनवणी केली. अशा संगतीत पुन्हा बसणार नाही, कोणाच्या नावाने प्यालाही घेणार नाही, असे त्यांनी वचन दिले. मित्र वाचला, आणि वचन मरेपर्यंत पाळले गेले.

वकील झाल्यावर अशील फी म्हणून जे देई, त्यातील अर्धे ते पुष्कळदा परत करीत. त्यांच्याकडे कधीकधी खोटी नाणी येत. ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे त्यांस पाप वाटे, म्हणून ते ती बाजूला टाकीत. होता होता मोठा ढीग जमला. एकदा चोर घरात शिरले आणि हा गुप्त खजिना आहे असे समजून तो ढीगच उचलून घेऊन गेले!

१६५४ साली क्रॉमवेल राज्य चालवीत असता हेलसाहेबांस न्यायाधीश नेमण्यात आले. एका खटल्यातील पंच कायद्याप्रमाणे न निवडता क्रॉमवेलच्या हुकुमाने बसविले आहेत असे कळताच त्यांनी त्या सर्वांस घरी पाठविले. क्रॉमवेल संतापून म्हणाला की, तुम्ही न्यायाधीश होण्यास लायक नाही. हेलसाहेबांनी शांतपणे उत्तर दिले की, हे अगदी खरे आहे.

१६६० साली राजा परत आल्यावर त्यांची आणखी बढती झाली, आणि १६७१ साली ते किंग्ज बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. न्यायाधीश गावोगाव फिरून खटले चालवीत, त्या वेळी एक गृहस्थ येणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशास हरणाचे मांस भेट पाठवीत असे. पुढे त्याचाच खटला निघाला. हेलसाहेबांनी विचारले की, मांस पाठविणारे ते आपणच काय? होय म्हणताच ते म्हणाले की, प्रथम किंमत घ्या, मग खटला चालेल. गृहस्थ म्हणाला की, मी मांस विकत नाही, आणि ही भेट तर मी सर्वांसच देतो. पण हेलसाहेब हलेनात. शेवटी गृहस्थाने रागाने खटला काढून घेतला. सॉल्झबरी येथील देवळाचे अधिकारी रिवाजाप्रमाणे न्यायाधीशांस साखरेच्या सहा ढेपा देत. त्यांचा दावा समोर येताच हेलसाहेबांनी आधी साखरेचे पैसे चुकते करविले, मग सुनावणी केली.

वाचकहो, अशा मनुष्याचेही पाय घसरले. १६६१ साली बेडफर्ड येथे एक तरुण स्त्री त्यांच्यासमोर काकुळतीने आली. तिचा नवरा उपदेश केल्यामुळे तुरुंगात होता. घरी चार सावत्र मुले, त्यांत एक आंधळी. ती योहान बन्यन यांची बायको एलिझाबेथ. दुसरा न्यायाधीश तिच्या अंगावर ओरडला. हेलसाहेबांनी मात्र तिचे सर्व ऐकून घेतले, कळवळा दाखविला, आणि कायद्याच्या तीन वाटा सांगून कमी खर्चाची कोणती तेही सांगितले. परंतु सुटका झाली नाही. बन्यन १६७२ पर्यंत बंदीतच राहिले. आपल्या मंडळ्यांत हरि केशवजी यांच्या १८४१ च्या भाषांतराने ओळखीचे झालेले यात्रिकक्रमण हे पुस्तक ह्याच बन्यन यांचे.

पुढील वर्षी बरी सेंट एडमंड्स येथे याहून वाईट घडले. लोस्टॉफ्टच्या दोन विधवा, एमी डेनी व रोझ कलेंडर, यांवर मुलांना चेटूक केल्याचा आरोप होता. ह्या बायकांनी स्पर्श केला की झटका आलेल्या मुलीची मूठ उघडते असे सांगण्यात आले. न्यायाधीशांच्याच सांगण्यावरून एका मुलीचे डोळे झाकून भलत्याच बाईकडून स्पर्श करविला, तरी मूठ उघडली. पाहणारे सभ्य गृहस्थ हे निव्वळ ढोंग आहे असे सांगत परतले. तरी हेलसाहेबांनी पंचांपुढे पुराव्याची छाननी केली नाही. चेटकिणी आहेत याविषयी आपणांस शंका नाही, कारण शास्त्रात त्यांचा उल्लेख आहे, एवढेच त्यांनी सांगितले. दोघींस फाशी झाली. १६९२ साली अमेरिकेतील सेलम येथे ह्याच खटल्याचा दाखला पुढे आला, आणि तेथे १९ निरपराध माणसे फासावर गेली.

ज्याने साखरेची ढेप फुकट घेतली नाही, त्याने दोन गरीब बायकांचे प्राण पुराव्यावाचून जाऊ दिले! त्यांचे हात शुद्ध होते, विश्वास खरा होता. पण जे सर्व लोक मानीत होते ते त्यांनी तपासून पाहिले नाही. ते खोटे नाणे त्यांनी ओळखले नाही, आणि ते पुढे चालले.

धर्माची बाह्य खूण ते फारशी मिरवीत नसत. आपल्या हातून एखादे वाईट कृत्य झाले तर ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लागेल, ही त्यांस भीती वाटे. छत्तीस वर्षे त्यांनी एकाही रविवारची उपासना चुकविली नाही. मिळकतीचा दशांश गरिबांसाठी काढला. १६७६ साली आजारामुळे त्यांनी पद सोडले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ते प्रभूकडे गेले. देऊळ जिवंतांसाठी, असे म्हणत त्यांनी आपले प्रेत आल्डर्लीच्या साध्या कबरस्थानात पुरविले.

वडील व उपदेशक बंधूंनो, मंडळीतील तंटा आपणांसमोर येतो तेव्हा कोंबडी किंवा तुपाचा डबा परत करणे हे कठीण खरे, पण पुरेसे नाही. गावात कोणा म्हातारीवर करणीचा आळ आला, आणि सारा गाव एका तोंडाने बोलू लागला, तर आपण काय करू? हेलसाहेबांसारखे हात स्वच्छ ठेवू या. आणि जेथे ते चुकले, तेथे थांबून पुरावा विचारू या. आपल्या न्यायाचाही न्याय करणारा एक आहे.