एकेकाळी भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण पुण्यात होती, ती आणणाऱ्या नायगामवालांची ही गोष्ट

अमावस्येच्या आसपासचा शनिवार आला की पुण्यातली आकाशवेडी मंडळी गाडीत दुर्बीण टाकतात. कुणी नसरापूरवरून वेल्ह्याकडे वळतं, तर कुणी कापूरहोळवरून भोरकडे. शहराच्या उजेडात जे दिसत नाही ते तोरणा-राजगडाच्या आसपासच्या अंधारात दिसतं.

यातल्या मुरलेल्या मंडळींना चंद्र किंवा शनीची कडी बघून समाधान होत नाही. त्यांना हव्या असतात विचित्र दीर्घिका. एकमेकींच्या इतक्या जवळ आलेल्या, की गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत त्यांचा आकारच बिघडून गेलाय. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प यांनी 1966 साली अशा 338 विचित्र दीर्घिकांचा फोटोसंग्रह काढला. जगभरातले हौशी निरीक्षक आजही ती यादी घेऊन आकाश धुंडाळतात.

पण आकाशातला एखादा धुरकट ठिपका नेमका कशाचा बनलाय, हा प्रश्न पुण्यात बसून सोडवायचा प्रयत्न एका माणसाने 19व्या शतकातच केला होता. त्यांचं नाव कावसजी दादाभाई नायगामवाला.

त्यांचा जन्म 1857 चा. पारशी कुटुंबातल्या कावसजींचं शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये झालं. 1878 साली त्यांनी भौतिक आणि रसायनशास्त्रात एम.ए. केलं, तेही सुवर्णपदक मिळवून. पुढे ते तिथेच शिकवायला लागले.

त्या काळात विज्ञानात एका नव्या यंत्राची हवा होती. वर्णपटदर्शक. काचेच्या लोलकातून उजेड गेला की इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसतो, हे आपण शाळेत शिकतो. हाच प्रयोग ताऱ्याच्या उजेडावर केला तर तारा कशाचा बनलाय हे इथे बसून कळतं.

कावसजींना यासाठी प्रयोगशाळा उभी करायची होती. पैशाचं काय? 1882 मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी 5 हजार रुपये दिले. तेवढीच भर मुंबई सरकारने घातली. 1884 साली कावसजी इंग्लंडला गेले, तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना भेटले आणि साध्या प्रयोगशाळेचा बेत थेट वेधशाळेपर्यंत गेला.

1885 मध्ये ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, म्हणजे आजच्या सीओईपीत. 1888 साली तिथे वेधशाळा उभी राहिली. देणगी देणाऱ्या महाराजांवरून तिचं नाव ठेवलं महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथली मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीची होती आणि आरसा होता 20 इंचांचा. भारतात तेव्हा एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. आज वेल्ह्याला नेतात त्या हौशी दुर्बिणी साधारण 8 ते 12 इंचांच्या असतात, यावरून अंदाज करा.

आता त्या काळातला मोठा वाद समजून घेऊ.

तेव्हा आकाशातल्या प्रत्येक धुरकट ठिपक्याला तेजोमेघच म्हणायचे. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, देवयानीतला तेजोमेघ, सगळे एकाच पंगतीत. विल्यम हगिन्स यांनी 1864 मध्ये दाखवून दिलं होतं, की काही तेजोमेघांच्या वर्णपटात फक्त मोजक्या चमकत्या रेषा दिसतात. याचा अर्थ ते विरळ वायूचे ढग. देवयानीसारख्या बाकीच्यांत मात्र ताऱ्यांसारखा सलग पट्टा दिसतो.

पण नॉर्मन लॉकियर यांचं मत वेगळं होतं. विजयदुर्गावरच्या साहेबाच्या कट्ट्यांशी ज्यांचं नाव जोडलं जातं, तेच हे लॉकियर. त्यांचं म्हणणं असं, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचे थवे. तेजोमेघांची मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियममुळे उमटते, असं ते सांगत. तसं असतं तर ती रेषा एका बाजूने पसरट, विसविशीत दिसायला हवी होती.

नायगामवालांनी पुण्याची दुर्बीण मृगातल्या तेजोमेघावर लावली आणि ती रेषा तपासली. ती दोन्ही बाजूंनी बारीक आणि रेखीव होती. 1891 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे निरीक्षण छापून आलं. हगिन्स आणि अमेरिकेतले कीलर यांचे निष्कर्षही त्याच बाजूचे होते. लॉकियर यांची कल्पना मागे पडली. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, याचा उलगडा मात्र 1927 साली झाला.

गंमत म्हणजे 22 जानेवारी 1898 ला हे दोघं एकाच दिवशी महाराष्ट्रात आकाशाकडे बघत होते. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं. लॉकियर विजयदुर्गावर होते, तर नायगामवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला होता. ग्रहणाचा खग्रास टप्पा सुमारे दोन मिनिटांचा. तेवढ्या वेळात नायगामवालांनी सूर्याच्या बाहेरच्या थरांचे वर्णपट टिपले. त्याचा अहवाल 1902 मध्ये प्रसिद्ध झाला.

मग पुण्याच्या त्या वेधशाळेचं काय झालं?

1912 साली नायगामवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. सरकारची कोडाईकनालची वेधशाळा तोवर सुरू झालेली होती. 20 इंची दुर्बीण तिकडे रवाना झाली. पुढे कित्येक वर्षं देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण तीच होती, पण पुण्यात नव्हती. एका माणसाच्या जिद्दीवर उभं राहिलेलं काम पुढे चालवायला पुण्यात दुसरं कुणी ठेवलंच नाही.

देवयानीचा ठिपका ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांनी 1920 च्या दशकात सिद्ध केलं. नायगामवालांना हे कळलं असेल का, सांगता येत नाही, पण तेव्हा ते हयात होते. 1938 मध्ये त्यांचं निधन झालं.

पुण्यात हौशी निरीक्षकांनी 1944 साली ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू केली. आज भोर-वेल्ह्यात दुर्बिणी लावतात ती हीच हौशी परंपरा.

तुम्हालाही बघायचं असेल तर मार्च ते मे हा काळ चांगला. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची तारा आहे. त्याच्याजवळ एम 51 ही दीर्घिका आणि तिला खेटलेली छोटी जोडीदार सापडते. वेल्ह्यातून पुण्याचा उजेड ईशान्येला दिसतो, त्यामुळे ती उंच चढेपर्यंत थांबा. दक्षिणेला हस्त नक्षत्राजवळ एकमेकींत घुसलेल्या दोन दीर्घिका आहेत, त्यांना अँटेना म्हणतात. तिकडचं आकाश जास्त काळं मिळतं.

फोटोतले रंग मात्र शोधू नका. दुर्बिणीत दिसतील दोन राखाडी, चिकटलेले ठिपके. एम 51 चा तो उजेड निघाला होता अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी. तो कशाचा आहे हे आपल्याला आज माहीत आहे, कारण नायगामवालांसारख्या माणसांनी अशा ठिपक्यांचा उजेड एकेक रेष करून तपासला होता.