शिकवण्याआधी शिकल्या त्या सावित्रीमाई

विश्ववंद्य तथागत भगवान बुद्ध, क्रांतिबा जोतीराव फुले आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरणी नतमस्तक होऊन, आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत. आम्ही कुणी विद्वान नाही. गिरणीत पाळी करून, मिळेल ते पुस्तक वाचून जे कळले तेच इथे मांडतो. चुकले तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

दर ३ जानेवारीला आपण विहारात क्रांतिज्योती सावित्रीमाईंची जयंती करतो. फोटोला हार घालतो, मेणबत्ती लावतो, लहान मुली भाषणे करतात. माई शाळेत जाताना लोक शेण-दगड मारीत, म्हणून त्या पिशवीत दुसरे लुगडे ठेवीत, ही गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक पोरीला तोंडपाठ आहे. ऐकताना आमचेही डोळे भरून येतात. पण माईंनी शेण सोसले तेवढ्याने पुण्यातल्या पोरी शिकल्या नाहीत. पोरी शिकल्या, कारण माईंना शिकवता येत होते. आणि ते त्यांना आपोआप आले नव्हते. त्या ते शिकल्या होत्या.

माईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातील नायगावी झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले, तेव्हा माईंचे वय नऊ आणि जोतीरावांचे तेरा. मुलीच्या हातात पाटी द्यायची नाही, असा तो काळ. माई सासरी आल्या त्या निरक्षरच.

घर हीच त्यांची पहिली शाळा आणि जोतीराव हेच पहिले गुरुजी. जोतीरावांना आईच्या मायेने वाढवणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर, त्याही माईंच्या जोडीने अक्षर गिरवायला बसल्या. पुढचा अभ्यास जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी करून घेतला. माई लिहू-वाचू लागल्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झाले, आता लाव पोरींच्या वर्गावर! फुले दांपत्याने तसे केले नाही.

अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मिशनच्या मिस फरार मुलींना शिकवीत होत्या. या बाई १८२७ साली सातासमुद्रापलीकडून मुंबईत आल्या, पुढे नगरला गेल्या आणि १८६२ साली मरेपर्यंत तेच काम करीत राहिल्या. त्यांची शाळा जोतीरावांनी स्वतः जाऊन पाहिली होती आणि ती त्यांच्या मनात भरली होती. माईंनी शिकवण्याचे शिक्षण घेतले ते या मिस फरार यांच्याकडे. शिवाय पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्येही त्या शिकल्या. नॉर्मल स्कूल म्हणजे मास्तर घडवणारी शाळा, पुढे आपण डी.एड. कॉलेज म्हणू लागलो तसलीच. म्हणूनच आपल्या देशातल्या पहिल्या प्रशिक्षित शिक्षिकांत माईंचे नाव घेतात.

विचार करा बंधू-भगिनींनो! ज्या बाईने घराबाहेर पाऊल टाकले तरी गाव बोटे मोडत होता, ती बाई शिकवायचे कसे हे शिकण्यासाठी दोन ठिकाणी गेली. आपल्याला अक्षर येते म्हणजे ते दुसऱ्याला देता येतेच असे नाही, हे तिने ओळखले होते.

१८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. मग पुण्यात गहजब झाला. पुढच्याच वर्षी या कामापायी नवरा-बायकोला राहते घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. १८५१ साली ३ जुलैला अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा निघाली, सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी, आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. शाळेत वाचन-लेखन तर होतेच, पण व्याकरण, गणित, भूगोल, नकाशे आणि मराठ्यांचा इतिहासही होता.

एवढा पसारा एकट्या बाईने ओढला असे कुणी समजू नये. मुख्य शिक्षिका माई होत्या, पण त्यांच्याबरोबर दुसरेही शिक्षक होते. आणि होत्या फातिमाबी शेख. १८५६ सालच्या ऑक्टोबरात माई आजारी पडून माहेरी नायगावी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. माझ्यामागे फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. बघा, अंगात आजार, आणि जीव अडकलाय कुठे, तर शाळा सांभाळणाऱ्या सोबतिणीत! एक जण पडला तर दुसऱ्याने वर्ग उचलायचा, अशी ती जोडी होती.

याचे फळ काय? १८५३ सालच्या फेब्रुवारीत पुणे कॉलेजात तिन्ही शाळांची जाहीर परीक्षा झाली. २३७ मुली होत्या आणि बघायला सुमारे तीन हजार माणसे लोटली होती. त्याआधी १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारने विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कारही केला होता. पण आम्हाला विचाराल तर सर्वांत मोठे फळ म्हणजे मुक्ता साळवे. मांग समाजातली चौदा वर्षांची पोर. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. आम्हाला धर्मच नाही की काय, असा रोखठोक सवाल तिने त्यात केला. जिच्या सावलीचा विटाळ मानीत, ती तीनेक वर्षांच्या शिक्षणात एवढे लिहू लागली! ही शिकवणाऱ्यांची कमाई.

१८५७ च्या बंडानंतर युरोपियन लोकांची मदत आटली आणि शाळांना ओढग्रस्त आली. पण दांपत्याने तो विचार सोडला नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले, त्यात पत्नीच्या साथीने शाळा चालवल्याचे आवर्जून सांगितले. प्राथमिक शाळेचे मास्तर शिकून तयार झालेले असावेत, शेतकरी वर्गातले असावेत, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचे वाकस धरायला न लाजणारे असावेत, आणि त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, अशी मागणी त्यांनी केली.

१८९० साली जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून माई पुढे चालल्या. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या. त्यातच लागण होऊन १० मार्चला त्यांनी देह ठेवला. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना गुरू मानले. त्या गुरूच्या घरातली ही माई आपलीही गुरूच.

आता आमची कबुली. आपल्या विहाराची अभ्यासिका सुरू केली तेव्हा समितीत आम्हीही होतो. दहावी-बारावी झालेली चार पोरे-पोरी धरली आणि सांगितले, बसा शिकवायला. कुणाला कसे शिकवायचे ते दाखवले नाही. चौघांना कधी एकत्र बसवले नाही. एक जण एका पद्धतीने भागाकार सांगायचा, दुसरा दुसऱ्या. लहान पोरे गोंधळली, हळूहळू यायची बंद झाली. आम्ही दोष दिला पोरांना, त्यांच्या आई-बापांना आणि मोबाइलला.

गिरणीत आम्ही काय बघतो? रिंग खात्यात नवा माणूस आला तर पहिल्या दिवशी त्याला साईड देत नाहीत. जुन्या सायडरच्या हाताखाली तो आधी तुटलेला धागा सांधायला शिकतो, मग साईड मिळते. सुतासाठी एवढी काळजी, आणि वस्तीच्या लेकरांसाठी आम्ही तेवढीही घेतली नाही!

म्हणून या वर्धापनदिनी समितीपुढे आमची एक विनंती आहे. अभ्यासिकेत शिकवणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी दर रविवारी वंदनेनंतर तासभर एकत्र बसावे. कुठले पोर कुठे अडले, कुणी कसे समजावले, ते एकमेकांना सांगावे. आपल्या समाजात निवृत्त मास्तर, बाई पुष्कळ आहेत. त्यांनी महिन्यातून एकदा येऊन मागे बसून वर्ग पाहावा आणि चूक असेल तिथे प्रेमाने सांगावे. याला पावती पुस्तक लागत नाही की देणगी लागत नाही.

भिडे वाड्याची जुनी इमारत स्मारकासाठी २०२३ साली पाडली गेली. तिथे स्मारक व्हायलाच पाहिजे. पण सावित्री-फातिमासारखी जोडी आपल्या अभ्यासिकेत उभी राहिली, तर माईंचे एक स्मारक आपल्या विहारातही होईल.

नमो बुद्धाय! जय ज्योती! जय सावित्री! जय भीम!