इटलीत हरलेला मॅझिनी नाशिकपासून चीनपर्यंत कसा पोहोचला?

१० मार्च १८७२. इटलीतल्या पिसा शहरात ६६ वर्षांचा एक माणूस वारला. तिथे तो खोट्या नावाने राहत होता. खरं नाव जोसेफ मॅझिनी. इटली एक व्हावी म्हणून त्याने आयुष्य खर्ची घातलं, पण एक झालेल्या इटलीतही त्याला लपूनच राहावं लागलं.

मग पुढे ३५ वर्षांनी पुण्यात त्याचं मराठी चरित्र का छापलं गेलं? आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी का घातली?

मॅझिनीचा जन्म १८०५ चा, जेनोवा शहरातला. तेव्हा इटली नावाचा देशच नव्हता. वेगवेगळी राज्यं होती आणि उत्तरेत ऑस्ट्रियाची सत्ता. कार्बोनारी या गुप्त संघटनेत गेल्यामुळे १८३० मध्ये त्याला अटक झाली. सुटल्यावर देश सोडावा लागला. १८३१ मध्ये फ्रान्सच्या मार्सेलमध्ये त्याने 'तरुण इटली' ही संघटना काढली. ध्येय एकच, एकसंध आणि राजा नसलेली इटली.

उठाव एकामागोमाग एक फसले. त्याच्या गैरहजेरीतच त्याला देहदंड सुनावला गेला. १८३७ मध्ये तो लंडनला गेला आणि तिथल्या गरीब इटालियन मुलांसाठी त्याने मोफत शाळा काढली. १८४९ मध्ये रोमच्या प्रजासत्ताकाची सूत्रं त्याच्या हाती आली खरी, पण काही महिन्यांतच फ्रेंच फौजेने ते मोडून काढलं. १८६१ मध्ये इटलीचं राज्य उभं राहिलं, तेही राजाच्या झेंड्याखाली.

थोडक्यात काय, तर घरच्या मैदानावर गडी हरला.

पण त्याच्या विचारात एक गोष्ट अशी होती, जी इटलीपुरती नव्हती. प्रत्येक लोकसमूहाला आपलं राष्ट्र हवं आणि हक्कांआधी कर्तव्य यायला हवं, असं तो मांडायचा. १८३४ मध्ये त्याने इटालियन, जर्मन आणि पोलिश तरुणांना घेऊन 'तरुण युरोप' काढली होती.

हाच धागा लांबच्या लोकांनी पकडला. बंगालमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्याच्यावर भाषणं दिली. लाला लजपतराय यांनी उर्दूत चरित्र लिहिलं. चीनमधल्या सुधारणावादी ल्यांग छीचाओ यांनी चिनी वाचकांना मॅझिनी सांगितला. १९०४ मध्ये सावरकरांच्या गुप्त संघटनेचं नाव 'अभिनव भारत' झालं, ते 'तरुण इटली'च्या धर्तीवर. १९०६ मध्ये लंडनला गेल्यावर सावरकरांनी मराठीत मॅझिनी लिहिला आणि १९०७ मध्ये त्यांचे बंधू बाबाराव यांनी तो प्रसिद्ध केला. बंदी आली ती याच पुस्तकावर.

गंमत पुढेच आहे. सावरकरांनी मॅझिनीकडून गुप्त संघटना आणि सशस्त्र क्रांती घेतली. गांधीजींनी त्याच मॅझिनीकडून कर्तव्याचा विचार घेतला. १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी इटलीचंच उदाहरण दिलं, पण उलट्या बाजूने. राज्यकर्ते बदलले तरी सामान्य माणसाचे हाल संपले नाहीत, तर ते कसलं स्वराज्य, हा त्यांचा मुद्दा होता.

मॅझिनी काही निर्दोष नव्हता. इटलीने उत्तर आफ्रिकेत पाय रोवावेत, असंही त्याने १८७१ मध्ये लिहिलं. पण भारतातल्या तरुणांनी त्याचं साम्राज्याचं स्वप्न घेतलं नाही, स्वातंत्र्याचा हट्ट तेवढा घेतला. परका नेता आपला होतो तो असा. लोक त्याची नक्कल करत नाहीत, आपल्या लढ्याला लागेल तेवढंच उचलतात.

राहिली गोष्ट इटलीची. तिथे राजेशाही गेली ती १९४६ च्या सार्वमताने, मॅझिनी गेल्यानंतर तब्बल ७४ वर्षांनी.